व्हिएन्नात संगीतासाठी जायचे, तर घरे पाहावीत की मैफिली ऐकाव्यात?

टिळकवाडीकर : माझी बहीण नोकरीनिमित्त म्युनिकला असते आणि येत्या उन्हाळ्यात तिने आई-बाबांना व मला तिकडे बोलावले आहे. म्युनिकहून रेल्वेने चार तासांत व्हिएन्ना गाठता येते, हे कळल्यापासून बाबांनी तेच धरून ठेवले आहे. ते जन्मभर हिंदुस्थानी संगीत ऐकत आले. घरी पाहुणे आले, की त्यांना बेळगावजवळच्या सुळेभावीला नेऊन 'हे कुमार गंधर्वांचे जन्मगाव' म्हणून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाश्चात्त्य संगीताचा मात्र आम्हा कोणालाच गंध नाही. बीथोव्हन, मोझार्ट, शूबर्ट या जुन्या संगीतरचनाकारांची घरे तेथे जपली आहेत, असे वाचले. थोड्या दिवसांच्या मुक्कामात ती पाहावीत, की तिकिटे काढून मैफिली ऐकाव्यात? मे महिन्यात जावे की जुलैमध्ये, हेही अजून ठरलेले नाही.

निपाणीचा श्रोता : आधी महिन्याचे बोलू, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये तेथील सरकारी ऑपेरागृह (ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक) बंद असते आणि मोठे वाद्यवृंदही सुटीवर किंवा साल्झबुर्गच्या महोत्सवात असतात. तेव्हा मे किंवा जूनचा पूर्वार्ध पकडा.

आता मूळ प्रश्न. सकाळी घरे पाहायला हरकत नाही, पण मुक्कामातली एकही संध्याकाळ रिकामी जाऊ देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक घरांत मूळ सामान फारसे उरलेले नाही. डोमगासे या गल्लीतील ज्या घरात मोझार्ट १७८४ ते १७८७ या काळात राहिला आणि जेथे त्याने 'फिगारो' हा ऑपेरा रचला, तेथेही मुख्यतः चित्रे आणि माहितीफलक यांवरच समाधान मानावे लागते. बीथोव्हनने तर या शहरात इतकी बिऱ्हाडे बदलली, की त्याचे घर कोणते म्हणायचे, हाच प्रश्न पडतो.

याउलट म्युझिकफेराइन ही १८७० साली उघडलेली मैफिलींची वास्तू आजही ज्या कामासाठी बांधली, त्याच कामासाठी रोज वापरात आहे. तिचे सोनेरी सभागृह सुमारे ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच आहे, म्हणजे साध्या लांबट पेटीसारखे. छत वरून टांगलेले आहे आणि भिंतींवरची सोनेरी शिल्पे व कोरीव काम आवाज एकाच दिशेला परतू न देता विखुरतात. वाद्यवृंद थांबला, तरी स्वर सुमारे दोन सेकंद सभागृहात रेंगाळतो. सिंफनीच्या, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी रचलेल्या मोठ्या रचनेच्या, मैफिलीला ध्वनिक्षेपक नसतो. तानपुऱ्यापुढेही माइक ठेवण्याची सवय लागलेल्या आपल्या कानांना शेवटच्या रांगेत बसून एका ओबोचा (सनईसारख्या फुंकवाद्याचा) हलका सूर स्वच्छ ऐकू येतो, तेव्हा संगीत कळते की नाही, हा प्रश्नच मागे पडतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामवंत वाद्यवृंदाच्या (स्थापना १८४२) वर्गणीदारांसाठीच्या मैफिलींची तिकिटे बाहेरच्या माणसाला मिळणे फार कठीण असते. पण त्याच सभागृहात शहरातील इतर वाद्यवृंद व पाहुणे कलाकारही वाजवतात, आणि त्यांची तिकिटे बेताच्या दरात, वेळेवर पाहिल्यास सहज मिळतात.

खानापूर रोड : श्रोते महाशयांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण घरांबाबत ते जरा घाईने निकाल देतात. शहराच्या कडेच्या हाइलिगेनश्टाट या भागात अवश्य जावे. बहिरेपण वाढत चालले असताना बीथोव्हनने ऑक्टोबर १८०२ मध्ये आपल्या भावांसाठी एक पत्र लिहिले. मरणाचे विचार मनात येऊनही कलेने मला थांबवले, असा त्याचा आशय आहे. ते पत्र त्याने कधी धाडलेच नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते त्याच्या कागदपत्रांत सापडले. ज्या घराशी हे पत्र जोडले जाते, ते तेथे एका शांत गल्लीत आहे. शूबर्टच्या जन्मघरी त्याचा चष्मा ठेवलेला आहे. इवलासा, गोल काचांचा, एका काचेला तडा गेलेला. एकतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचा तो चष्मा पाहून बाबा तेथून लवकर हलणार नाहीत, याची मला खात्री आहे.

शिवाय ७१ क्रमांकाची ट्राम पकडून मध्यवर्ती दफनभूमीतही जाऊन यावे. बीथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स आणि योहान श्ट्राउस तेथे जवळजवळ आहेत. मोझार्टचे तेथे केवळ स्मारक आहे. त्याला पुरले ते सेंट मार्क्सच्या दफनभूमीत, आणि नेमकी जागा आज कोणालाच ठाऊक नाही. त्याला दरिद्री म्हणून खड्ड्यात टाकले, ही कथा मात्र तिकडे कोणी सांगितली, तर खरी मानू नये. त्या काळच्या नियमांनुसार बहुतेक नागरिकांना मिळे तसेच साधे दफन त्याला मिळाले होते.

संकेश्वरहून : एक सावधगिरी. ऑपेरागृहासमोर आणि सेंट स्टीफन चर्चच्या चौकात पांढरे टोप आणि झगे घातलेले विक्रेते अदबीने अडवून तिकिटे विकतात. त्या मैफिलींत प्रवाशांसाठी लोकप्रिय तुकडे निवडून वाजवतात. वादक वाईट नसतात, पण दर जबर असतात. आम्ही त्यांच्या भरीस पडलो नाही, हे बरे झाले. त्याच पैशांत सरकारी ऑपेरागृहात चांगली बैठक मिळते. १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळालेले हे ऑपेरागृह १९५५ साली बीथोव्हनच्याच 'फिडेलियो' या ऑपेराने पुन्हा उघडले. उभ्याने ऐकण्याच्या जागा तेथे अत्यंत स्वस्त असतात. दर्दी मंडळी कठड्याला स्कार्फ बांधून आपली जागा राखून ठेवतात.

टिळकवाडीकर : सर्वांचे आभार. आता मेच ठरवतो. मात्र बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे उभे राहणे जमणार नाही. शिवाय त्यांना समेवर 'क्या बात है' म्हटल्याशिवाय ऐकताच येत नाही. त्याचे काय करावे?

निपाणीचा श्रोता : तेथे वादन सुरू असताना शब्द उच्चारत नाहीत, आणि एका रचनेचे चार भाग असतील, तर मधल्या विरामात टाळीही वाजवत नाहीत. वाद्यवृंदाचे संचालन करणाऱ्याचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबावे, मग हवी तेवढी दाद द्यावी. ऑपेरात गायकाच्या एकट्याच्या गाण्यानंतर लगेच टाळ्या पडतात, त्यामुळे बाबांना तेथे अधिक मोकळे वाटेल. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, तेव्हा नाटकात गाणे ऐकण्याची सवय आपल्या भागाला आहेच. फक्त वन्समोअरची अपेक्षा ठेवू नये. बैठकीच्या समोर लहान पडद्यावर इंग्रजी मजकूर दिसतो, त्यामुळे कथा सुटत नाही.

गुडघ्यांसाठी रविवारी सकाळी अकराला ऑगस्टिनर चर्चमध्ये जावे. तेथे हायडन, मोझार्ट, शूबर्ट यांच्या प्रार्थनारचना वाद्यवृंद व गायकवृंदासह, प्रत्यक्ष उपासनेतच गायल्या जातात. तिकीट लागत नाही, शेवटी यथाशक्ती दान द्यावे. बाके लवकर भरतात, म्हणून बाबांना साडेदहालाच बसवावे.