वर्गात पटवून देणारं भाषण करायचंय, तयारी कशी करू?

काजवा:
पुढच्या गुरुवारी वर्गात ५ मिनिटांचं भाषण आहे. नुसती माहिती सांगायची नाही, ऐकणाऱ्यांचं मत वळवायचं, अशी अट आहे. माझा विषय: झोपताना मोबाईल खोलीबाहेर ठेवावा. लिहून काढलं तर ९०० शब्द झाले. मागच्या वेळी सगळं पाठ करून गेले होते. मध्येच एक ओळ आठवेना आणि तिच्यामागचं सगळंच गेलं. तशीच उभी राहिले. तसं पुन्हा व्हायला नकोय. पाठ करू की बघून वाचू? आणि सुरुवात कशी करू?

फळाखडू:
आधी शब्द कमी कर. सावकाश बोललं की मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द होतात, म्हणजे तुझ्या हाती ६००च्या आसपास आहेत. ९०० शब्द घेऊन गेलीस तर पळावं लागेल, आणि पळत बोललेलं कुणाच्या मनात उतरत नाही.

मी बरीच वर्षं वर्गातली भाषणं ऐकतोय. मुलं विषय निवडतात, पण मागणी ठरवत नाहीत. 'मोबाईलचे दुष्परिणाम' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि आहे तिथेच राहतात. तुझी मागणी नेमकी आहे, ते फार चांगलं. ती आणखी लहान कर: 'आजपासून ३ रात्री फोन बाहेर चार्जिंगला लावा.' मग एकेक परिच्छेद घेऊन बघ, तो या वाक्याकडे नेतो का? नेत नसेल तर काढ. आवडता असला तरी काढ, जिवावर येतं ते माहीत आहे.

पानगळ:
फळाखडूंशी सहमत. मी एक जोडते. तू बोलायला लागलीस की अर्ध्या वर्गाच्या मनात एकच येणार: 'मग सकाळी गजर कसा लावू?' ते तूच बोलून टाक, आणि लवकर. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ते तुझं दुसरं काही ऐकणार नाहीत. घड्याळाचा गजर किंवा दाराबाहेर मोठ्या आवाजात ठेवलेला फोन, उत्तर साधंच आहे. विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात याची लसीशी तुलना केली होती: विरोधी मुद्दा आधीच थोडा दाखवून खोडला, की नंतर कुणी तो मांडला तरी ऐकणारा सहज डळमळत नाही.

आणि समोरच्याचा मुद्दा मुद्दाम दुबळा करून मांडू नकोस. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं आणि तुझ्यावरचा विश्वास जातो. ॲरिस्टॉटलने तर्क आणि भावना यांच्या जोडीला बोलणाऱ्याची विश्वासार्हता ठेवली, आणि ती भाषणातूनच उभी राहिली पाहिजे असं म्हटलं. मला तिन्हींत तीच सगळ्यात मोलाची वाटते.

फळाखडू:
पाठांतराचं राहिलं. सुरुवातीची २ आणि शेवटची २ वाक्यं तोंडपाठ कर, बाकीचं नाही. मधल्यासाठी तळहाताएवढं एक कार्ड कर, त्यावर ५ शब्द, मोठ्या अक्षरात. पूर्ण वाक्यं लिहिलीस तर डोळे कार्डावरच खिळतील. रोज उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोल. दर वेळी शब्द थोडे वेगळे आले तर येऊ देत. वाट माहीत असली की एखादा शब्द हरवल्याने माणूस अडत नाही.

काजवा:
मनापासून आभार. ६२० शब्दांवर आणलंय. 'आदरणीय गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो' काढून सुरुवात अशी केली: 'काल रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी मी फोन खाली ठेवला. शेवटी काय बघत होते, ते सकाळी मला आठवेना.' चालेल?

पानगळ:
छान आहे, आणि ते खरं घडलेलं असेल तर अजिबात बदलू नकोस. फक्त 'आठवेना' नंतर लगेच पुढे जाऊ नकोस. एक पूर्ण श्वास घे. तुला तो फार लांब वाटेल, पण तेवढ्यात प्रत्येकाला आपली कालची रात्र आठवेल.