मदत हवी आहे: सेनेगलची राजधानी डाकार, तिथल्या रॅपबद्दल कुणाला माहिती आहे का?

मंडळी, भाचीला कॉलेजात हिपहॉपवर वीस मिनिटं बोलायचंय आणि घरात असली गाणी ऐकणारी मी एकटीच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. अमेरिकेचं सोपं आहे. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली डीजे कूल हर्कची पार्टी, तिथून पुढचं सगळं सापडतं. गाडी अडलीय सेनेगलपाशी.

डाकारमध्ये 1989 साली दिदिए अवादी आणि डग्गी टी यांनी 'पॉझिटिव्ह ब्लॅक सोल' हा रॅप गट सुरू केला. अमेरिकी रॅपची छाप होतीच, पण वोलोफ या तिथल्या भाषेत शब्द आले की ठेकाच बदलतो, हे ऐकतानाही कळतं. पुढे 2011 मध्ये काओलाक शहरातल्या 'केर गी' गटाचे रॅपर पत्रकारांसोबत 'यां आ मार' (म्हणजे 'आता पुरे!') या चळवळीत उतरले, तरुणांना मतदार नोंदणी करायला लावली. 2012 ला तेव्हाचे अध्यक्ष अब्दुलाय वाद निवडणूक हरले. श्रेय एकट्या रॅपचं नाही, मान्य.

माझी खरी अडचण 'तासू'ची. वोलोफ बायकांची तालावर बोलण्याची ही जुनी रीत. रॅपचं मूळ त्यात आहे असं तिकडचे बरेच जण मानतात. मला ते जरा ओढूनताणून वाटतं. हर्क स्वतः जमैकातल्या किंग्स्टनचा, त्याच्या पार्टीमागे तिकडच्या साउंड सिस्टिम (रस्त्यावर मोठे स्पीकर लावून होणाऱ्या पार्ट्या) जास्त दिसतात. यावर कुणी नीट वाचलंय का? आणि नोकरीनिमित्त डाकारला राहिलेलं, थोडंफार वोलोफ कळणारं कुणी आहे का? दोन गाण्यांचा अर्थ हवाय.

कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे, अर्धवट उत्तरही चालेल.