लग्नाच्या ऑर्डरमधून मदतीचे पैसे काढतोय, पण गिऱ्हाईक त्याच्यावरच घासाघीस करतंय. काय करू?

जुळेसोलापूर_क्लिक
नमस्कार मंडळी. लग्नाचं शूट करतो, सोलापुरातच, छोटा स्टुडिओ आहे, मी, एक व्हिडिओवाला आणि सीझनला दोन पोरं. माझी आई विड्या वळायची, मांडीवर सूप, हातात पान कापायची कात्री, त्या कात्रीच्या आवाजावर मी अभ्यास केलाय. म्हणून विडी कामगारांच्या पोरींच्या शिक्षणाला दरवर्षी काहीतरी द्यायचं हे डोक्यात पक्कं आहे.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला तेव्हा कोटेशनमध्येच एक ओळ टाकली, 'बिलाच्या ५ टक्के रक्कम मुलींच्या शिक्षणासाठी'. ८० हजारांच्या पॅकेजवर ४ हजार. वाटलं लोकांना बरं वाटेल. तर एका नवरदेवाच्या काकांनी कोटेशन वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "दानधर्माचं आमचं आम्ही बघतो, तुम्ही ७६ करा." आणि हे एकदा नाही, तीनदा झालं. वर आता जो तो फुकट शूट मागतोय, तुम्ही सामाजिक काम करता ना म्हणून. एकाने तर नेत्याच्या वाढदिवसाला बोलावलं, त्यात रक्तदान होतं म्हणे.

देणं बंद करायचं नाही. पण कसं द्यायचं ते सांगा.

अक्षता_फोटो
पहिलं ती ओळ काढ. मी पण हेच केलो होतो, बोर्डावर लिहून. बिलात लिहिलास की ते पैसे गिऱ्हाइकाचे झाले, मग तो मागणारच की बे, त्याचं काय चुकलं.

दुसरं, बिलावर टक्का काढतोस हाच घोळ. ८० मधले अल्बमला १२, कँडिडवाल्याला १५, ड्रोन ८, एडिटिंग १०, पोरं आणि पेट्रोल ५, राहिले ३०, त्यात कॅमेऱ्याचा हप्ता १० धर. हातात २० आणि त्यातले ४ देतोस, म्हणजे ५ टक्के नाही, पाचवा हिस्सा. दे की, पण माहीत असून दे. मी आषाढी आली की वही काढतो, उधारी वसूल झाली का बघतो, आणि उरल्यातलं ठरवतो.

फुकट शूटचं म्हणशील तर वर्षाला एकच तारीख ठेव, बाकीच्यांना "यंदाची तारीख गेली" म्हणायचं, वाईट वाटत नाही कुणाला. माझी तारीख सामुदायिक विवाहाला. तिथं एक गंमत आहे बघ, अक्षता एकदाच पडतात, ४० जोडप्यांवर एकाच मिनिटाला. आपल्याकडं एका तेलुगू पद्मशाली लग्नात जिलकर-बेल्लमचा, म्हणजे नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात तो क्षण सुटला तर घरचे वर्षभर बोलतात, इथं ४० जणांचा क्षण एकदम आणि कॅमेरे दोन. पहिल्या वर्षी मी नुसता पळत होतो, शेवटी ६ जोडप्यांचा एकही धड फोटो नाही. स्टेजवर सत्कार घेणाऱ्यांचे मात्र दोनशे. आता अक्षता झाल्या की मांडवाच्या कोपऱ्यात लाल चादर लावतो, आपली सोलापुरीच, आणि एकेक जोडपं उभं करतो. आधी हातात नंबरची चिठ्ठी देऊन एक फोटो, मग चिठ्ठीशिवाय दोन, म्हणजे नंतर कोण कुठलं ते कळतं. प्रत्येकाला एक मोठी प्रिंट. लग्न नोंदणीला फोटो लागतो तेव्हा तोच जोडतात.

हिशेबनीस
करापुरतं बोलतो. देणगीवरची करसवलत, जिला ८०जी म्हणतात, ती जुन्या कररचनेत मिळते, नव्यात नाही. बरेच जण नव्यात गेलेत आणि पावत्या जपून ठेवतात, उपयोग काही नाही. जुन्यात असाल तर संस्थेला ८०जी ची मान्यता आहे का बघा, २,००० च्या वर रोख देऊ नका, यूपीआय किंवा चेकने द्या, आणि नुसत्या पावतीवर थांबू नका, संस्थेकडून करखात्याच्या नमुन्यातलं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. फुकट शूट केलंत म्हणून 'एवढ्याची सेवा दान' असं काही दाखवता येत नाही, वस्तू दिली तरी नाही, पैसेच लागतात.

आणि ५ टक्के बिलात धरले तरी पूर्ण ८० तुमचंच उत्पन्न. जीएसटीत नोंदणी असेल तर १८ टक्के पण पूर्ण ८० वरच.

शाळेची_ताई
मी अशाच मुलींबरोबर काम करते, थोडं कडू लिहिते, रागावू नका. कॅमेरेवाले मदत करतात तेव्हा हटकून एक फोटो काढतात, मुलगी पाकीट घेतेय आणि दाता हसतोय. नववीतली एक मुलगी दुसऱ्या वर्षी आलीच नाही, वर्गातल्या पोरींनी तो फोटो मोबाईलवर बघितला होता. तुम्ही तसं कराल असं नाही म्हणत, पण आधीच ठरवा.

पैसे द्याल तर जूनमध्ये द्या. वह्या, गणवेश, पास सगळं तेव्हाच येतं, दिवाळीला देणारे भरपूर असतात. आणि खरं सांगू का, आम्हाला पासपोर्ट फोटो लागतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म, दहावीचा फॉर्म, प्रत्येक ठिकाणी. घरी विड्यांची मजुरी हजारावर मोजतात तिथं आई म्हणते पुढच्या आठवड्यात काढू, आणि तारीख जाते. एक दुपार या, मागं पांढरा पडदा लावा, ६० मुलींचे आठ-आठ फोटो छापून द्या.

जुळेसोलापूर_क्लिक
ताई, रागावलो नाही. माझ्याही शाळेच्या फॉर्मवर दादाचा फोटो लावला होता आईने, सारखेच दिसायचो म्हणून, सरांना कळलंच नाही.

ओळ आजच काढली कोटेशनमधून. जून धरतो. फोटोचं मात्र शाळा सुरू झाल्यावर लगेच करू, तेव्हा माझं कामही कमी असतं. दुपारी वर्गात उजेड कुठल्या बाजूने येतो तेवढं सांगा, आणि लाईट जाते का? बॅटरीवाला फ्लॅश आणायचा की नाही ते ठरवतो.

अक्षता_फोटो दादा, ती चादर उन्हात गालावर लाल मारत नाही का ओ?

अक्षता_फोटो
मारते की. राखाडी घे.