दांड्याला व्हार्निश नको, जवसाचं तेल
कुऱ्हाडीच्या दांड्याला व्हार्निश मारा, असा सल्ला कुणीतरी दिला, तो काही पटला नाही. घाम आला की हात चिकटतो आणि तळव्याला फोड येतात. आमच्या धामणीच्या (धामण झाडाच्या लाकडाच्या) दांड्यावरचं व्हार्निश मी काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं, पॉलिशपेपर मारला आणि जवसाचं तेल चोळलं. तेलाचा हात पातळच द्यायचा, अर्ध्या तासाने जादाचं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट थर बसतो. पाचरीपाशी, म्हणजे दांडा पात्यात घट्ट बसावा म्हणून ठोकलेल्या तुकड्यापाशी, टोकाचं लाकूड तेल ढसाढसा पितं, तिथे दोन हात जास्त द्या. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा. पात्याला गंज घासून मशीनचं तेल पुरे. आणि हो, सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवू नका. लाकूड फुगतं खरं, पण वाळलं की आधीपेक्षा ढिलं. नवी पाचर ठोका.