बाटिकच्या पट्ट्यांची बार्जेलो गोधडी: कात्री लावण्याआधी विचारते

फोंड्याची_मावशी

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय आणि तिला बार्जेलोची गोधडी शिवून द्यायची असं मी मनावर घेतलंय. चौकटीच्या गोधड्या मी पुष्कळ शिवल्यात, पण पट्ट्यांची लाट चढत-उतरत जाते तशी ही पहिलीच.

कापड सगळं बाटिकच, म्हणजे मेण लावून रंगवलेलं. वीस रंग, प्रत्येकी अर्धा मीटर, पन्ना ४४ इंच. काही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं, बाकीचं पणजीच्या प्रदर्शनात कच्छ-मुंद्र्याच्या आणि उज्जैनजवळच्या भेरूगडच्या कारागिरांकडून घेतलं. गडद निळा, मग मोरपंखी, शेवाळी, पोपटी, हळदी असं करत शेवटी चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तांबडा. रात्री जेवणं झाली की टेबलावर मांडते, क्रम बदलते, परत घडी करून ठेवते. इतकी सुंदर कापडं आहेत की चुकीचं कापायची भीती वाटते.

विचारायचं ते असं. गोधडी साधारण ६० बाय ९० इंच हवी, तर अर्धा मीटर पुरेल का? तांबडा आणि निळा रंग सोडतील का? विसातली चार कापडं मलमलची आहेत, बाकीची केंब्रिक (दाट विणीचं सुती), ती एकत्र चालतील का? आणि पावसामुळे घरात सगळंच दमट आहे, तर आत्ता सुरुवात करावी की गणपतीची चवथ होऊन जाऊ दे? मशीन साधं, सरळ टीप मारणारं, मोटर लावलेलं आहे.

धावदोरा_डिचोली

मावशी, विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबलचक लिहिते.

आधी मेण. बाटिक मेणावर होतं, आणि कारखानदार असो वा कारागीर, उकळून काढल्यावरही थोडं मेण कापडात राहू शकतं. कापड ताणून धरा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच पसरला तर कापड स्वच्छ आहे. गोल होऊन वरच बसून राहिला तर तिथे मेण आहे. हे मेण इस्त्रीच्या तळाला लागतं आणि तिथून पुढच्या कापडावर उतरतं, म्हणून आधीच काढायचं. जुन्या पातेल्यात पाणी उकळा, थोडा धुण्याचा सोडा घाला, एकेक रंग वेगळा बुडवून काठीने ढवळा. पाणी पूर्ण गार झालं की मेणाचा पातळ थर वर जमतो, तो काढून मगच पाणी ओता. गरमच मोरीत ओतलंत तर मेण पाईपमध्ये जाऊन थिजतं.

रंगाचंही याच धुण्यात कळेल. शेवटच्या पाण्यात रंग उतरत नाही असं दिसेपर्यंत गडद कापडं वेगळी धुवा. मग पांढरा सुती तुकडा ओला करून कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. तुकडा पांढराच राहिला तर खुशाल वापरा. मीठ आणि व्हिनेगरचा उपाय सगळे सांगतात, पण रंगवून झालेल्या सुती कापडावर त्याने रंग पक्का होत नाही. जो तांबडा एवढं करूनही तुकड्यावर उतरतो तो या गोधडीतून बाजूला काढा. शेजारी हळदी आणि पोपटी बसणार आहेत, पहिल्याच धुण्यात त्यांची वाट लागेल.

आता हिशेब. बार्जेलोत सगळा खेळ मायेचा, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडाचा आहे. पाव इंच माया दोन्ही बाजूंना गेली की प्रत्येक उभ्या पट्टीचा अर्धा इंच शिवणीत जातो. सव्वा इंचाची कापलेली पट्टी शिवल्यावर पाऊण इंच उरते. म्हणून कापलेल्या मापांची बेरीज करून गोधडीची रुंदी धरायची नसते. आधी उभ्या पट्ट्या किती ते मोजायचं आणि तितके अर्धे इंच वजा करायचे.

तुमच्यासाठी मी अशी मांडणी करीन. प्रत्येक कापडाच्या अडीच इंचांच्या चार आडव्या पट्ट्या. म्हणजे दहा इंच कापड. धुतल्यावर अर्ध्या मीटरचे एकोणीस इंच राहिले तरी भरपूर उरतं, त्यातून कडेचा गोट (कडा झाकायची पट्टी) निघेल. वीस रंगांच्या वीस पट्ट्या क्रमाने जोडून एक पट्टा, असे चार पट्टे. एक टीप वरून खाली, तर पुढची खालून वर, म्हणजे पट्टा कमानीसारखा वाकत नाही. टाका बारीक ठेवा, इंचाला बारा-चौदा, कारण पुढे याच टिपा आडव्या कापल्या जाणार आहेत आणि मोठा टाका तिथे उसवतो.

मग विसावी पट्टी पहिलीला जोडून नळी करायची. शिवून तिचा घेर ४० इंच, टेबलावर सपाट ठेवली की २० इंच, म्हणजे २४ इंची फूटपट्टीत आरामात बसते. रोटरी कटरने (गोल फिरत्या पात्याने) या नळीच्या बांगड्या कापायच्या: पावणेतीन, अडीच, दोन, पावणेदोन, दीड, सव्वा, आणि मग त्याच मापांनी उलट. हा झाला बारा उभ्या पट्ट्यांचा एक उतार, शिवून १७½ इंच. असे तीन उतार म्हणजे ५२½ इंच. बांगडी एका ठिकाणी उसवली की ४० इंचांची पट्टी होते, म्हणून प्रत्येक उभ्या ओळीला दोन बांगड्या एकाच जागी उसवून टोकाला टोक जोडायच्या, लांबी ८० इंच. चारही बाजूंना चार-चार इंचांची किनार लावली की ६०½ बाय ८८. तुम्हाला हवं तेवढंच झालं.

लाट घडते ती दोन गोष्टींनी. बांगडी कुठे उसवायची ते प्रत्येक ओळीला एक रंग पुढे सरकवायचं: पहिली एक नंबरच्या कापडावर, दुसरी दोनवर, तिसरी तीनवर. उतार संपला की उलट मागे यायचं. आणि पट्टीची रुंदी. अरुंद पट्टीत लाट चटकन चढते, रुंद पट्टीत सावकाश. म्हणून माथ्यावर रुंद पट्ट्या आणि मध्ये अरुंद, तरच माथा गोल दिसतो. एक इंचाची पट्टी कुणी सांगितली तर पहिल्या वेळी नको. शिवून अर्धा इंच उरते आणि मागे दोन्हीकडची माया तिला पूर्ण भरून टाकते. दाट विणीच्या बाटिकमध्ये तिथे जाड वळ उठतो.

इस्त्री. हे मी सगळ्यात जास्त जपते. पट्ट्यातल्या सगळ्या शिवणी सम आकड्याच्या कापडाकडे दाबा. दोनकडे, चारकडे, सहाकडे. शेजारची ओळ एक रंगाने सरकलेली असते, त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या शिवणी आपोआप विरुद्ध बाजूला वळलेल्या राहतात. बोटाने चाचपलं की एक दुसरीत अडकल्याचं कळतं. टाचणीही लागत नाही, कोपरे नेमके जुळतात. यासाठी रंगांची संख्या सम हवी. तांबडा बाद झाला तर एकोणीसवर थांबू नका, अठरा करा किंवा नवा विसावा आणा.

मायेची परीक्षा आधी घ्या. अडीच इंचांचे तीन तुकडे जोडा, मधला बरोबर दोन इंच भरला पाहिजे. भरत नसेल तर सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा आणि कापड त्याला टेकवून चालवा. शिवणीमागे अर्धं सूत चुकलं तरी वीस शिवणींत सव्वा इंच जातो, आणि मग एका नळीची बांगडी दुसऱ्या नळीच्या बांगडीशी जुळत नाही. चारही पट्टे त्याच मशीनवर, त्याच सुईने, त्याच दोऱ्याने शिवा. सुई ११ नंबरची, नवीन.

मलमल या पट्ट्यात नको. ती ताणली जाते, केंब्रिक जात नाही. किनारीत किंवा दुसऱ्या कामाला वापरा.

साखळीची_शिवण

धावदोराताईंनी इतकं छान सांगितलंय की मला रंगांच्या क्रमाबद्दलच बोलायचंय.

मावशी, वीसही कापडं क्रमाने भिंतीला टाचा आणि मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. बाटिकच्या एकाच कापडात फिका आणि गडद दोन्ही असतात, त्यामुळे डोळा रंगात गुंततो. फोटोत कदाचित दिसेल की तुमचा शेवाळी आणि मोरपंखी सारखेच गडद आहेत. असे दोन शेजारी आले की तिथे पायरी दिसत नाही, लाट सपाट पडते. त्यातलं एक दूर न्या.

नळी जुळते तिथे, म्हणजे विसावं आणि पहिलं कापड भेटतं तिथे, बरेच जण गडदकडून फिक्याकडे आणि परत गडदकडे असं वळवतात, म्हणजे कुठेच तुटत नाही. मला मात्र तुमच्या रंगांत ती तुटलेली रेघ हवीशी वाटते. चिऱ्याचा तांबडा थेट गडद निळ्याला भिडू द्या. गोधडीभर तीच एक धार वर-खाली धावेल. मूळ बार्जेलो भरतकामातही ज्वाळांचे टोकदार आकार आहेत. फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयातल्या १७व्या शतकातल्या खुर्च्यांवर तेच काम आहे आणि नाव तिथूनच आलंय. पट्ट्यांच्या गोधडीत ही धार जपली तर कामाला जोर येतो.

फोंड्याची_मावशी

दोघींचे मनापासून आभार. उकळून झाले सगळे रंग. हळदी आणि एक जांभळट निळा, या दोघांवरच थेंब बसून राहिला होता. परत उकळल्यावर पसरला. पातेल्यावर खरंच मेणाचा थर जमला, वाटीभर निघालं. भेरूगडच्या तांबड्याने पांढऱ्या तुकड्यावर काही सोडलं नाही. दुसऱ्या तांबड्याने सोडलं, तो बाद केला. मलमलची चारही गेली. राहिले पंधरा. म्हणजे आता अजून एक केंब्रिक आणून सोळा करावे ना? आणि मग लांबी?

धावदोरा_डिचोली

सोळा करा, सम झाले. नळीचा घेर ३२ इंच, दोन बांगड्यांची ओळ ६४ इंच. लांबी वाढवायला बांगड्या तीन जोडा, ९६ इंच होतील. रुंदी तीच ५२½. आता लांबी हवी त्याहून जास्तच आहे, तेव्हा वर-खाली किनार लावू नका. फक्त दोन्ही बाजूंना चार-चार इंच. रंग फक्त सोळा आल्याने लाट लांबीत तीनदा परत येईल, ते मला वीसपेक्षा जास्त आवडतं. पण आता नळ्या सहा लागतील, प्रत्येक कापडाच्या सहा पट्ट्या म्हणजे १५ इंच. अर्ध्या मीटरमध्ये बसतं, पण उरणार चारच इंच. कापताना कापडाच्या कडेचा धागा सरळ आहे की नाही बघून मगच पहिला काप घ्या. गोटाला वेगळं कापड आणा.

आजी_वाळपई

मुलींनो, वरचं काम तुम्ही सगळं सांगितलंत, आतलं कुणी बोलत नाही. गोव्यात जाड कापूस भरलेली गोधडी वर्षातले फारच थोडे दिवस अंगावर घेता येते. भाचीला ती रोज वापरायची असेल तर आत जुनं धुतलेलं सुती लुगडं एकपदरी घाला, खाली पातळ केंब्रिकचं अस्तर. वजन हलकं, पावसात वाळतेही लवकर. बाटिकच्या इतक्या शिवणी आहेत की आत कापूस घातला तर धुतल्यावर उचलवणार नाही.

हाताने धावदोरा घालायचा म्हणत असाल तर शिवणीवरून जाऊ नका, तिथे कापडाचे तीन-चार पदर येतात आणि सुई अडते. उभ्या पट्टीच्या मधोमध चला, लाटेच्या वळणाने. घाटावर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, त्या कडेपासून आत सरकत जातात, एकेक तुकडा लावत आणि त्याच वेळी धावदोरा घालत. त्यांचा टाका मोठा असतो, तरी कवंडी वर्षानुवर्षं टिकते. बाटिकवर बारीक टाक्याचा हट्ट धरू नका.

आणि पावसाचं विचारलंत त्याचं. कापड कापून पट्टे आत्ता शिवा, पण खळ लावू नका. खळीचं कापड दमटात ठेवलं की बुरशी धरते आणि कसर लागते. बांगड्या कापायच्या दिवशी सकाळी खळ मारा, इस्त्री करा, त्याच दिवशी कापून शिवायला घ्या.

फोंड्याची_मावशी

आजी, लुगडं आहे. आईचं, इरकली, अगदी मऊ झालेलं. तेच घालते.

शुक्रवारी म्हापशाला जाऊन सोळावं कापड आणते, हळदी आणि तांबड्याच्या मधलं, साधारण पिकलेल्या सुपारीच्या रंगाचं. पट्टे आत्ता शिवायला घेते, बांगड्या चवथीनंतर कोरडं ऊन पडलं की. पहिली नळी झाली की फोटो टाकते, सम आकड्याकडे दाबलेल्या शिवणी मागच्या बाजूने दिसतील असा. धावदोराताई, तेवढा बघून सांगा बरोबर आहे का, मग बाकीच्या पाच शिवते.