मदत हवी आहे: आईला तपासणीला कसं न्यावं?
आई ५८ वर्षांची, मालवणात मासे विकते. सकाळी उठल्या उठल्या मिश्री, कित्येक वर्षं. उपकेंद्रात तिशीपुढच्यांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी मोफत होते. आशाताई दोनदा घरी सांगून गेल्या. आईचं एकच, "माका काय्येक झाला नाय, तपासूचा कित्याक?" तोंडाच्या तपासणीला बॅटरी लावून गालाची आतली बाजू, जीभ बघतात, दोन मिनिटांचं काम. पण म्हणते, बाजार बुडतो. (घाबरते हो, बाजार नुसतं निमित्त.)

तुमच्याकडे अशा हट्टी बाईला कुणी राजी केलंय का? काय बोललात? आणि मालवण-कुडाळकडच्यांनो, गर्भाशयमुखाच्या तपासणीला बाईच असते ना? तेवढं खात्रीने सांगता आलं तर ती निदान ऐकून तरी घेईल.