गडसरपेक्षा उतरण जड

काही जण विचारतात, काश्मीर ग्रेट लेक्स या तळ्यांच्या ट्रेकमध्ये गडसर खिंडच सगळ्यात अवघड आहे का? दम तिथेच निघतो, साधारण ४२०० मीटर उंची आहे. पण माझे गुडघे बोलू लागले ते शेवटच्या दिवशी, गंगाबल तळ्यावरून नारानाग गावाला उतरताना. एका दिवसात हजारावर मीटर उतार, त्यात पाइनच्या सुयांवरून बूट सटकतात. काठी नेली नव्हती, शहाणपणा नडला!

गडसर खिंडीच्या चढावर थांबून मागे मात्र नक्की बघा. विशनसर आणि किशनसर दोन्ही तळी एकदम दिसतात. किशनसरचं पाणी ओढ्याने विशनसरमध्ये येतं आणि तिथूनच किशनगंगा नदी निघते. आणि हो, ओळखपत्र मूळच न्या, लष्कराच्या चौक्यांवर तपासतात.